सेहेचाळीस आलेलुया

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडायचे, आणि काटा केसभर कलला तरी साहेबांना तो रस्त्याच्या पलीकडून दिसतो, असं बाजारात बोललं जायचं. तेव्हा नाव पडलं ते पडलंच. चर्चमध्येही सगळे त्यांना काटेसाहेबच म्हणायचे. एकदा फादरांनी चर्चच्या रजिस्टरमध्येसुद्धा तेच लिहिलं. साहेबांनी ते खोडलं, वर खरं नाव घातलं, शेजारी सही केली आणि तारीख टाकली.

चर्चच्या गायकवृंदात ते एकोणीस वर्षं मागच्या रांगेत उभे राहून खर्जात गात होते. निम्मं लक्ष गाण्यात आणि निम्मं खिशातल्या वहीत. वृंद चालवायच्या त्या एक बाई. आठवडाभर शाळेत गाणं शिकवायच्या आणि रविवारी तीस माणसांना चर्चच्या सज्जात उभं करून त्यांच्याकडून मिस्साची गाणी म्हणवून घ्यायच्या. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची उपासना, आणि तिच्यात कुठल्या दिवशी काय गायचं आणि काय गायचं नाही याचे नियम साहेबांच्या खात्याच्या नियमांपेक्षा चांगले चार बोटं जाड. बाईंना ते सगळे येत होते, पण बाई शेवटी माणूस होत्या. त्या कुठे चुकल्या की मागून बॉलपेनची टिकटिक व्हायची आणि वहीत नोंद पडायची. ‘अर्पणगीत: अर्पण आटोपल्यावरही एक मिनिट वीस सेकंद चालू.’ ‘रिकामी ओंजळ: पुन्हा संथ.’ ‘गौरवगीत नको असताना सुरू केले, तिसऱ्या शब्दाला थांबवले.’ महिन्याच्या शेवटी साहेब या नोंदींची स्वच्छ प्रत काढून फादरांना द्यायचे आणि दुसरी प्रत धर्मप्रांताच्या उपासना कार्यालयाला टपालाने पाठवायचे. एकोणीस वर्षांत त्या कार्यालयाकडून एकदाही उत्तर आलं नाही. त्यामुळे साहेबांचा उत्साह कमी झाला असं मात्र नाही. एकोणीस वर्षांच्या वह्यांत एकच नोंद लाल शाईत होती. तिच्याकडे पुढे येऊच.

नोव्हेंबरात बाईंचे गुडघे संपावर गेले. सज्जाला बावीस पायऱ्या आहेत. बाई लेकीकडे राहायला दुसऱ्या गावी गेल्या आणि फादरांनी वृंद काटेसाहेबांच्या हवाली केला. यात विश्वास किती आणि सूड किती हे फादरांच्या चेहऱ्यावरून कधीच कळलं नसतं. त्यांचा चेहरा कायम नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसासारखा होता. ते म्हणाले, अठ्ठावीस फेब्रुवारीला आपल्या चर्चला पन्नास वर्षं होताहेत, बिशप येणार आहेत, तेव्हा तोवर वृंद तुम्ही बघा.

“आणि नंतर?” साहेबांनी विचारलं.

“मग बघू,” फादर म्हणाले.

हे ‘मग बघू’ साहेबांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. कारण एकतीस मार्चला ते नोकरीतून निवृत्त होणार होते. अठ्ठावीस वर्षं ते दारात उभे राहिले की भलेभले दुकानदार उठून उभे राहायचे. एक एप्रिलपासून त्यांच्याकडे तपासायला काही उरणार नव्हतं. घरात एकच तराजू होता आणि तो बरोबर होता. बायको तीस वर्षं स्वतःच्या अंदाजाने मीठ घालत आली होती आणि त्यात कधी चूक निघाली नव्हती. आपण बोललेलं ऐकणारं जगात कुणी उरणार नाही, या विचाराने साहेबांना भीती वाटायची, आणि हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तीस माणसं आपल्या हाताकडे बघताहेत, अशी एकच जागा आता त्यांना दिसत होती. ती जागा अठ्ठावीस फेब्रुवारीच्या पुढेही टिकवायची असेल, तर त्या दिवशी असं काहीतरी गायला हवं होतं की बिशपांनी मान वर करून सज्जाकडे बघावं.

एक गाणं निवडायचं, एवढंच काम होतं. ख्रिस्तप्रसाद वाटून झाला की लोक शांत बसलेले असतात, तेव्हा पाच मिनिटांचं एक चांगलं, चार आवाजांत बसवलेलं गाणं.

साहेबांनी आधी मेंढपाळाचं एक गाणं निवडलं. सुवर्णमहोत्सव समितीचे अध्यक्ष म्हणजे साहेबांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त हेडमास्तर. ते जिन्यातच थांबून म्हणाले, गाणं उत्तम आहे, पण आपल्याकडे ते अंत्यविधीला म्हणतात. बिशपांचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालं आहे. तुमची तशी इच्छा नसेल, पण त्यांना काय वाटेल याचा विचार करा. साहेबांनी मेंढपाळ रद्द केला. मग लॅटिनमधलं एक प्राचीन गीत काढलं. त्यावर समितीतल्या तरुण आया म्हणाल्या की अर्थ कुणालाच कळणार नाही, आणि हेडमास्तर म्हणाले की मला कळेल, म्हणूनच ते या वृंदाच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नाही. तिसरं गाणं नव्या धर्तीचं, टाळ्या वाजवत म्हणायचं. ते ऐकून पुढच्या बाकांवर बसणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींनी फादरांकडे शिष्टमंडळ नेलं. चौथ्या गाण्यात कुणाचाच अपमान होण्यासारखं काही नव्हतं. ‘देवा, तूच आमचा आसरा, तूच आमचं छप्पर’ अशी त्याची सुरुवात होती. पण चर्चचं छप्पर चार वर्षं गळत होतं, आणि छप्पर दुरुस्ती समितीचे तिघेही त्या बैठकीला हजर होते. हा टोमणा आहे हे त्यांनी तिथेच ओळखलं आणि तिघेही उठून गेले. त्यांना परत आणायला साहेबांना दोन संध्याकाळी खर्च कराव्या लागल्या.

घरी बायको म्हणाली, “अहो, नेहमीचंच म्हणा ना, रिकामी ओंजळ. सगळ्यांना पाठ आहे.”

रिकामी ओंजळ हे बाईंचं आवडतं गाणं. बाईंनी ते लोकांच्या इतकं अंगवळणी पाडलं होतं की लहान मुलं ते खेळताना म्हणायची. साहेबांच्या वहीत त्याविरुद्ध सतरा नोंदी होत्या. बायकोला त्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं हे त्यांच्या मते उत्तरच होतं. बायकोच्या मतेही ते उत्तरच होतं, पण वेगळं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते फादरांच्या परवानगीने चर्चमागच्या खोलीतलं कपाट उपसायला बसले. सर्वांत वरच्या फळीवर, जळून उरलेल्या मेणबत्त्यांच्या मागे, पिवळ्या पडलेल्या कागदांचा एक गठ्ठा सापडला. संगीत हाताने लिहिलेलं होतं, चार आवाजांचं. रचणाऱ्याचं नाव जिथे असायला हवं तो कोपरा कसरीने खाल्ला होता. साहेबांनी सूर मनात वाचत पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि खाली स्टुलावर बसले. गाणं सुंदर होतं. आवाज एकामागून एक शिरत, वर चढत, एकमेकांत मिसळत जायचे. शेवटी दोन मात्रांची पूर्ण शांतता, आणि मग सगळे मिळून एकदा. आणि शब्द? शब्द एकच. आलेलुया. पहिल्यापासून शेवटपर्यंत सेहेचाळीस वेळा आलेलुया. दुसरा शब्दच नव्हता.

साहेबांना कपाटासमोर नाचावंसं वाटलं, पण ते नाचले नाहीत. जिथे शब्दच नाहीत तिथे भांडण कशावरून करणार? हेडमास्तरांनी कागद दोनदा वाचला, उजेडाकडे धरून वाचला, आणि हरकत घेण्यासारखं काही दिसत नाही असं काहीशा खिन्नपणे कबूल केलं. छप्पर समितीनेही मान डोलावली. समितीच्या इतिहासातला हा पहिला एकमताने झालेला ठराव.

बिशप येणार असले की गाण्याला उपासना कार्यालयाची मंजुरी लागते. अर्ज तीन प्रतींत. त्यात एक रकाना होता, ‘गीताचे शब्द (संपूर्ण लिहावेत, इत्यादी असे लिहू नये)’. साहेब सरकारी नोकर होते. रकान्यातल्या सूचनेचा मान राखायचा असतो हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी तिन्ही प्रतींत मिळून एकशे अडतीस वेळा आलेलुया लिहिलं. चार दिवसांनी अर्ज परत आला. सोबत चिठ्ठी: ‘दुसऱ्या प्रतीत पंचेचाळीस आहेत. खुलासा करावा.’ इतरांच्या वजनात ग्रॅम-ग्रॅमची तूट काढण्यात ज्यांची हयात गेली, त्यांची तूट कुणा कारकुनाने काढली होती. साहेब दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. मग राहिलेला एक घालून, शेजारी सही करून, तारीख टाकून अर्ज परत पाठवला. मंजुरी आली. खाली गोल शिक्का होता. ‘गीताच्या शब्दांत आक्षेपार्ह काही आढळले नाही.’ साहेबांनी ते पत्र सज्जात नोटीस बोर्डावर चार टाचण्यांनी लावलं.

मग तालमी सुरू झाल्या. ऑर्गन वाजवायचे ते दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणायची सवय असल्यामुळे तालमीला त्यांचा चांगला उपयोग व्हायचा. पहिल्या पंधरवड्यात सूर बसले, पुढच्या पंधरवड्यात आवाज एकमेकांवर पडायचे थांबले. बसेना ती एकच गोष्ट, शेवटच्या आलेलुयाआधीची दोन मात्रांची शांतता. कुणीतरी तिच्यात पडायचंच. कधी पुरुषांच्या वरच्या आवाजातले टेनर पडायचे. आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात गाणारी एक नर्स होती. ती दोनदा पडली आणि दोन्ही वेळा म्हणाली की शांतता फार लांबली की पेशंटचं काय झालं ते बघायची आपल्याला सवय आहे. एकदा तिच्याच शेजारी उभी राहून गाणारी साहेबांची बायको पडली. नात्याचा मुलाहिजा न ठेवता साहेबांनी सर्वांदेखत तिला सांगितलं की ज्याला गप्प राहता येत नाही त्याला गाता येत नाही. त्या संध्याकाळी घरी जेवणात दोन मात्रांची नव्हे, दोन तासांची शांतता पाळली गेली. साहेबांनी ऑफिसातलं स्टॉपवॉच आणलं. ‘इथे श्वाससुद्धा घेऊ नये’ असं प्रत्येकाच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं. सहा आठवडे झाले, शांतता काही जमली नाही.

अशात राखेचा बुधवार आला. त्या दिवशी चर्चमध्ये कपाळाला राख लावतात आणि ईस्टरच्या आधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. ईस्टरची तारीख दर वर्षी मागेपुढे होते आणि तिच्याबरोबर हा काळही सरकतो. त्या वर्षी राखेचा बुधवार फेब्रुवारीच्या अठरा तारखेला पडला होता. संध्याकाळच्या मिस्साआधी साहेबांनी वृंदाला सज्जात गोळा केलं. बाईंच्या काळात या दिवशी कुणी कुणाला काही बजावायचं नाही, आणि त्याचे परिणाम साहेबांच्या वहीत होते. अकरा वर्षांपूर्वी, प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी, बाईंच्या तोंडून एक शब्द चुकून एकदा गेला होता. त्याची नोंद लाल शाईत होती आणि शेजारी शेरा होता, ‘अक्षम्य’.

तेव्हा साहेब घसा साफ करून म्हणाले, “लक्षात ठेवा. आजपासून ईस्टरपर्यंत आलेलुया म्हणायचं नाही. आनंदाचा शब्द आहे तो, या काळात तो चर्चमध्ये उच्चारत नाहीत. बिशप आले तरी नाही. चुकून एकदासुद्धा कुणाच्या तोंडून जाता कामा नये.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरांनी ऑर्गनचं झाकण उघडलं. नर्सने हातातले कागद चाळले, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि साध्या आवाजात विचारलं, “साहेब, मग अठ्ठावीस तारखेचं काय?”

त्या क्षणी सज्जात जी शांतता पसरली, ती सहा आठवड्यांत एकदाही जमली नव्हती. कुणी श्वाससुद्धा घेतला नाही. नोटीस बोर्डावरचं पत्र, शिक्क्यासकट, सगळ्यांच्या समोर होतं.

साहेबांनी परीक्षांच्या तारखा पाहिल्या होत्या, लग्नाच्या तारखा पाहिल्या होत्या, डॉक्टरांच्या दवाखान्याची सुट्टी, हॉलचं बुकिंग, बिशपांची डायरी, सगळं पाहिलं होतं. चर्चचं कॅलेंडर पाहिलं नव्हतं. ते पाहायची गरजच काय, ते तर त्यांना पाठ होतं.

मिस्सा झाल्यावर कपाळावर राख घेऊनच ते फादरांकडे गेले. फादर बागेतला नळ दुरुस्त करत बसले होते. साहेबांनी सगळं सांगितलं. फादरांनी पाना खाली ठेवला.

“माझ्या लक्षात आलं नाही हो,” ते म्हणाले. “खरं सांगू का? तुम्ही निवडलंय म्हटल्यावर मी बघितलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी साहेब रजा टाकून उपासना कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि आदराने सांगितलं की शब्द तपासायचं टेबल हे. दिवस तपासायचं टेबल ते समोरचं. समोरच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले की कागद आला होता, पण अर्जावर तुमचं नाव होतं. एकोणीस वर्षं तुमची पत्रं वाचतो आहे. म्हटलं, हा माणूस दिवस चुकणार नाही, म्हणून पुढे पाठवला. एकोणीस वर्षांत कुणीतरी आपली पत्रं वाचत होतं हे साहेबांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणखी चांगल्या प्रसंगी कळलं असतं तर बरं झालं असतं. तारीख पुढे ढकलता येईल का, असं त्यांनी विचारलं. बिशपांना पुढची मोकळी तारीख ऑगस्टात होती, दीड वर्षानंतरच्या.

बातमी पसरायला अर्धा दिवस लागला आणि सल्ले यायला त्याहून कमी. टेनरमधल्या एकाने सुचवलं की शब्द न म्हणता नुसती चाल गुणगुणू. डॉक्टर म्हणाले की सेहेचाळीस वेळा ‘आ’ म्हटलं तरी दाताच्या दृष्टीने चालेल. जिन्यात हेडमास्तर भेटले. त्यांनी रात्रभर विचार केला होता. चाल तीच ठेवायची, शब्द तेवढा बदलायचा, आणि चारच अक्षरांचा हवा. त्यांना सापडला होता. ‘सुस्वागतम्’. बिशप येताहेत, प्रसंगाला शोभेल, आणि धर्माच्या विरुद्धही काही नाही. साहेब कठड्याला धरून उभे राहिले. सज्जातून सेहेचाळीस वेळा सुस्वागतम् म्हणणारा वृंद त्यांना डोळ्यांसमोर दिसला. बिशप मान वर करून बघत होते हेही दिसलं.

संध्याकाळी ते घरात नुसतेच बसून राहिले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि गेल्या महिन्यातलं सगळं एका बाजूला ठेवलं. “अहो,” ती म्हणाली, “ओंजळ प्रायश्चित्ताचंच गाणं आहे ना?”

होतं. नियमाला धरून होतं, सगळ्यांना पाठ होतं, आणि नऊ दिवसांत दुसरं काही बसणार नव्हतं. अडचण एकच होती. गाण्याची दोनच कडवी सगळ्यांना येत होती, आणि बिशपांच्या मिस्साला ख्रिस्तप्रसादाची रांग दारापर्यंत जाणार होती. ओंजळ नेहमी त्या रांगेच्या वेळीच म्हणायचे, आणि दोन कडव्यांत रांग निम्मीही सरणार नव्हती. पूर्वी तिसरं कडवं होतं असं नर्सला आठवत होतं. शब्द तिला आठवत नव्हते, कुणालाच आठवत नव्हते. साहेबांनी तीन वेळा फोन उचलून खाली ठेवला आणि चौथ्या वेळी बाईंना लावला.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. आलेलुयाचा भाग आला तेव्हा पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. बाई हसत असाव्यात, पण ऐकू येईल असं हसल्या नाहीत. तिसऱ्या कडव्याचं विचारल्यावर म्हणाल्या, “ते तुम्हीच बंद करवलंत की. बारा वर्षं झाली. गाणं लांबतं म्हणून तुमचं पत्र गेलं होतं.”

“तुमच्याकडे कागद असेल ना?”

“कागद कुठला, तोंडपाठ होतं. आता मीही विसरले.” मग त्या म्हणाल्या, “तुमच्या वहीत बघा ना. तुम्ही सगळं लिहून ठेवायचात.”

वहीबद्दल बाईंना माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

“मागच्या रांगेतलं दिसायचं नाही हो मला,” बाई म्हणाल्या. “पण तुमच्या पेनची टिकटिक यायची. मला बरं वाटायचं. कुणीतरी ऐकतंय नीट.”

साहेबांनी माळ्यावरून जुन्या वह्यांची पेटी काढली. बारा वर्षांपूर्वीच्या वहीत, मिस्सावार लावलेल्या नोंदींत, ते सापडलं. गाणं किती लांबतं हे पुराव्यानिशी दाखवता यावं म्हणून त्यांनी तिसरं कडवं संपूर्ण उतरवून घेतलं होतं, आणि दोन ओळींखाली रेघ मारली होती:

मोजून नाही दिलेस तू,
मोजून मी घेऊ कसे?

शेजारी शेरा होता, ‘प्रार्थनेत मोजमापाचा उल्लेख अनावश्यक.’ साहेबांनी चष्मा पुसला आणि तो शेरा पुन्हा वाचला. मग पहाटेपर्यंत टेबलाशी बसून तीस प्रती काढल्या, शेरा वगळून.

अठ्ठावीस तारखेला चर्च खच्चून भरलं होतं. रांग सुरू झाली तसा साहेबांनी हात वर केला आणि आपल्या मनातल्या लयीत खाली आणला. वृंदाने त्यांच्या हाताकडे पाहिलं, आणि बाईंच्या लयीत गायला सुरुवात केली. साहेबांनी हात जरा भरभर हलवून पाहिला. काही फरक पडला नाही. खाली बाकांवरचे लोकही गाऊ लागले होते, आणि सहाशे माणसं ज्या लयीत गातात तिला हाताने हाकता येत नाही. पहिलं कडवं संपेपर्यंत साहेबांचा हात आपोआप बाईंच्या लयीत आला होता. दुसऱ्या कडव्यात तो खाली आला. तिसऱ्या कडव्याला साहेब इतरांसारखेच खर्जात गात होते. सहा आठवड्यांच्या तालमी वाया गेल्या नव्हत्या. आवाज एकमेकांत असे मिसळले होते की ओंजळ त्यांनी स्वतःच अशी कधी ऐकली नव्हती. शेवटचा माणूस ख्रिस्तप्रसाद घेऊन वळला तेव्हा शेवटची ओळ संपली. बिशपांनी मान वर करून सज्जाकडे पाहिलं.

नंतर हॉलमध्ये चहाच्या वेळी बिशप फादरांबरोबर साहेबांपाशी आले. गाणं मनाला लागलं म्हणाले. वृंदाला हे कुणी शिकवलं, असं विचारलं. फादरांनी साहेबांकडे पाहिलं. नर्सने पाहिलं. बायकोनेही पाहिलं. उत्तर एका अक्षराचं होतं, आणि एकतीस मार्चनंतरचं सगळं आयुष्य त्या अक्षरावर तोललं होतं. पण खोट्या मापावर शिक्का मारायची साहेबांना अठ्ठावीस वर्षांत सवय लागली नव्हती.

“आमच्या आधीच्या बाईंनी,” ते म्हणाले. “मी नुसता हात हलवला.”

बिशप म्हणाले की बाईंना माझा नमस्कार सांगा, आणि पुढच्या माणसाकडे वळले. फादर काही बोलले नाहीत. मार्च महिनाभरही काही बोलले नाहीत. एकतीस तारखेला ऑफिसने साहेबांना निरोप दिला आणि भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते दोन मिनिटं मागे होतं. साहेबांनी ते घरी आणून लावलं आणि, बायकोला आश्चर्य वाटलं, तसंच राहू दिलं. महिनाभर वृंद दर गुरुवारी, काही न बोलता, त्या पिवळ्या कागदांची तालीम मनातल्या मनात करत होता हे त्यांना माहीत होतं. कुणी ओठ हलवला तरी ते दिसायचं. त्यांनी कुणालाच टोकलं नाही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार धरून, सेहेचाळीस दिवस होतात. हा हिशेब त्यांनी एकदा घातला, आणि दिवसाला एक पडतो हे पाहून त्यांना बरं वाटलं.

ईस्टरच्या सकाळी सज्जातून खाली बघताना त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खांबाजवळच्या बाकावर बाई बसल्या होत्या. लेकीने गाडीने आणलं होतं. मांडीवर वही होती, हातात पेन.

ख्रिस्तप्रसाद वाटून झाला, लोक बसले, आणि साहेबांनी हात उचलला. एकामागून एक आवाज शिरले. वर चढले. इतके दिवस बंद ठेवलेला शब्द चर्चभर फिरू लागला आणि बाकांवरची माणसं माना वर करून बघू लागली. साहेब मनात मोजत होते. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. त्यांनी मूठ मिटली आणि सगळे थांबले. टेनर थांबले, नर्स थांबली, बायको थांबली. तीस माणसांतलं कुणीही पडलं नाही. जानेवारीपासून साहेब जिची वाट बघत होते ती शांतता अखेर आली, अगदी स्वच्छ, भरलेली, बिनचूक. ती इतकी सुंदर होती की साहेबांना राहवलं नाही. त्या शांततेत, सहाशे माणसांच्या देखत, खर्जात, एकट्याने, ते मोठ्याने म्हणाले, “आलेलुया.”

त्यानंतर वृंदाने आपला म्हटला.

खाली बऱ्याच लोकांना तो मुद्दाम बसवलेला भाग वाटला. हेडमास्तरांना वाटला नाही, आणि ते त्यांनी घरच्या जिन्यापर्यंत थांबून सांगितलं. सज्जात डॉक्टर ऑर्गनवर डोकं टेकून हसत होते. बायको हसली नाही. तिने दोन मात्रा थांबून नवऱ्याच्या कोटाची कॉलर नीट केली. खाली आल्यावर फादर दारातच होते. ते म्हणाले, “पुढच्या रविवारची गाणी गुरुवारपर्यंत लिहून द्या. मला छापायला लागतात.” एवढंच म्हणाले आणि लोकांना शुभेच्छा देऊ लागले.

साहेब खांबापाशी गेले. बाई अजून बसल्याच होत्या.

“नोंद केली असेल,” साहेब म्हणाले.

“आणली होती वही मुद्दाम. म्हटलं, आज आपण मोजू यांच्या चुका.”

“सत्तेचाळीस झाले.”

“झाले का?” बाईंनी वही त्यांच्या हातात दिली. वर तारीख होती, खाली ‘ईस्टर, सकाळची मिस्सा’ असं सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं, आणि त्याखाली पान कोरं होतं. “लिहायचं राहूनच गेलं हो. मी गात होते.”

साहेबांनी पान उलटून मागची बाजू पाहिली. तीही कोरी होती.